दोन स्वल्पविराम

सिव्हिल लाइन्समधल्या त्या कचेरीत
जुनं एक्सचेंज उतरवायचं काम माझ्याकडे आलं
तेव्हा नवतपा लागलेला.
कूलरची टाकी कोरडी,
पंखा नुसती धूळ इकडची तिकडे करत होता,
आणि भिंतीवरच्या करड्या पेटीतून
निघालेल्या शंभरेक तारा,
प्रत्येकीच्या गळ्यात चिकटपट्टीची चिठ्ठी:
लेखा, आस्थापना, आवक-जावक,
एकीवर नुसतंच ‘मॅडम’.

हे एक्सचेंज फोन लगेच उचलायचं
पण ऐकायला वेळ लावायचं.
आधी खाकरायचं, मग नमस्कार,
मग, विस्तार क्रमांक माहीत असल्यास दाबा.
त्याआधी दाबलेले आकडे
गिळून टाकायचं, ढेकरही न देता.
म्हणून लोक मोबाइलमध्ये नंबर साठवताना
मधे स्वल्पविराम घालत.
एक स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद.
शाळेत शिकलो होतो, इथे थोडं थांबावं.
थोडं म्हणजे किती
ते चिंचमलातपुरे बाईंनी कधी सांगितलं नाही.

यादीत दोनशे एकोणीस रिकामा.
टेबल गेलं, खुर्ची गेली,
फोन तेवढा खिडकीच्या कट्ट्यावर,
आकड्यांपैकी नऊ पार पुसलेला.
पण प्रिंटरच्या कागदावर रोज एक ओळ:
चार वाजून दहा मिनिटं, बाहेरून,
दोनशे एकोणीस, चाळीस सेकंद,
उत्तर नाही.
शनिवार-रविवार सोडून.
दिवाळीच्या सुट्ट्याही पाळलेल्या.

तार कापायच्या आधी म्हटलं, पाहू.
चार-दहाला वाजला.
मी उचलला, आणि पलीकडे
कोणाच्या हातून काही सांडावं तसा आवाज.
“कोण बोलून राहिलं जी?”
“तुम्ही कोण?”
“मी मोटघरे. तिथंच बसत होतो.
एकतीस वर्षं.”
“काही काम होतं?”
“नाही जी, काम कायचं.
घंटी वाजते का पाहतो.”

मागून कुकरची शिट्टी,
एक बाई विचारत होती, कोणाशी बोलता.
“कोणाशीच नाही,” ते म्हणाले,
आणि मग मला, आवाज खाली उतरवून:
“आधी एकच टाकला होता, पुरला नाही.
नातीनं दोन टाकून देल्ले.
आता आकडे आपले आपणच जातात.
मी फक्त कानाला लावतो.”

सोमवारी नवी पेटी येणार,
तिला खाकरावं लागत नाही,
आणि दोनशे एकोणीस तिच्या गावीही नाही,
हे मी सांगायला हवं होतं.
“आवाज साफ येते,” ते म्हणाले.
मी म्हटलं, हो.

नव्या पेटीला स्वल्पविराम लागत नाहीत.
कोणी घातलेच तर
चार सेकंद गप्प राहते, हसत नाही.
तेवढं मी तपासून घेतलं.
एक तार उरली होती, ती खिडकीतून खाली सोडली,
कडुनिंबाच्या बाजूने, पत्र्याच्या शेडपर्यंत,
जिथे सकाळी तर्री-पोहे आणि दुपारी चहा.
फॉर्ममध्ये ‘विभाग’ या रकान्यात काय लिहावं
कळेना. ‘इतर’ लिहिलं.
साहेबांनी न वाचता सही केली.

मंगळवारी मुद्दाम चहाला थांबलो.
चार-दहा झाले. चार-अकरा.
साखर विरघळून गेली तरी मी ढवळतच होतो.
मग वाजला.
हॉटेलातल्या पोराने हात फडक्याला पुसले,
“हौ, बोला.”
बराच वेळ तो नुसता ऐकत राहिला,
मग रिसीव्हर छातीला धरून माझ्याकडे वळला:
“काका, हे विचारून राहिले
घंटी वाजली का?”

सांग, वाजली.

त्याने सांगितलं.
आणि सवयीने पुढे विचारलं,
“किती कट पाठवू?”